गंजीतली सुई शोधणारे

जिम मोरान हा अमेरिकन पब्लिसिटी एजंट इंग्रजी म्हणींवर पोट भरायचा. गिऱ्हाइकाचं नाव पेपरात झळकावं म्हणून म्हण शब्दशः करून दाखवायची, हा त्याचा धंदा. न्यूयॉर्कमधल्या चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानातून त्याने खराखुरा बैल फिरवला. अलास्कात जाऊन एस्किमोला फ्रिज विकला. आणि जागाविक्रीच्या जाहिरातीसाठी १० दिवस गवताच्या गंजीत सुई शोधत बसला. सुई सापडली, जाहिरातवाल्यांचं काम झालं.

गंजीतल्या सुईची म्हण त्याच्या कितीतरी आधीची. १५३२मध्ये इंग्रज लेखक टॉमस मोरने ग्रंथांच्या पसाऱ्यातून एक ओळ हुडकण्याबद्दल ती वापरली, तेव्हा सुई कुरणात हरवलेली होती. गंजी नंतर आली. अर्थ मात्र तोच राहिला: वस्तू बारीक, पसारा अफाट.

निकोला टेस्लाने याच म्हणीने थॉमस एडिसनला चिमटा काढला. टेस्ला १८८४मध्ये एडिसनच्या कंपनीत नोकरीला होता, त्यामुळे साहेबांची कामाची तऱ्हा त्याने जवळून पाहिलेली. १९३१मध्ये एडिसन वारले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’शी बोलताना तो म्हणाला, की एडिसनना गंजीतली सुई शोधायला लावलं असतं, तर ती कुठे असण्याचा संभव आहे याचा विचार न करता ते लगेच मधमाशीच्या चिकाटीने काडी न् काडी तपासायला लागले असते. थोडा सिद्धांत आणि थोडं गणित यांनी त्यांची ९० टक्के मेहनत वाचली असती, असाही शेरा त्याने मारला. मृत्युलेखात एवढा आहेर क्वचितच कुणाला मिळतो!

टीव्हीवरच्या ‘मिथबस्टर्स’ या प्रयोगांच्या कार्यक्रमात २००४मध्ये काडी न् काडी तपासण्याऐवजी दोन टोळ्यांनी यंत्रंच बांधली. एका टोळीने गवत जाळायचा मार्ग धरला, दुसरीने ते पाण्यात सोडायचा. गवत तरंगतं, पोलादी सुई बुडते. जोडीला लोहचुंबक. पण कार्यक्रमवाल्यांनी एक खोडी करून ठेवली होती: सुयांमध्ये एक हाडाची होती. तिच्यापुढे चुंबकाची मात्रा कशी चालणार? २०१४मध्ये पॅरिसच्या पॅले द टोकियो या कलासंग्रहालयात स्वेन साक्साल्बर या कलाकाराने मात्र एडिसनचाच रस्ता धरला. संग्रहालयाच्या संचालकांनी सुई गंजीत लपवली आणि स्वेनने हाताने गवत उपसून दुसऱ्या दिवशी ती काढून दाखवली.

या शोधकऱ्यांना एक गोष्ट फुकटात मिळाली होती. गंजी समोर होती, आणि सुई तिच्यातच आहे हे पक्कं ठाऊक होतं. बाकी उरली ती नुसती अंगमेहनत.

खऱ्या शोधात नेमकी तीच खात्री नसते. मार्च २०१४मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान बेपत्ता झालं, तेव्हा बातम्यांत ही म्हण सर्रास फिरत होती. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण दलाचे उपप्रमुख मार्क बिन्स्किन यांनी तिला दुरुस्ती सुचवली: आम्ही अजून सुई शोधतच नाही आहोत, गंजी कुठे आहे तेच ठरवतो आहोत. हिंदी महासागर समोर असताना याहून अचूक खुलासा काय करणार?

म्हणून बातमी लिहिताना ही म्हण हाताशी आली, की आधी गंजीचा पत्ता विचारावा. जुन्या दप्तरात नोंद आहे पण हजारो पानांत दडली आहे, तिथे म्हण चपखल. नोंद आहे की नाही हेच माहीत नसेल, तर ते अंधारात चाचपडणं. आणि ती नाही हे कळूनही खटाटोप चालूच असेल, तर त्याला मृगजळामागे धावणं म्हणावं. सुईला उगाच बदनाम करू नये.