रावस सॅमनसारखा भाजताना
सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेथील स्वयंपाकघरात अस्सल सॅमन न मिळाल्यास रावस वापरता येतो. मात्र ‘इंडियन सॅमन’ म्हणवला जाणारा हा मासा सॅमनच्या कुळातला नव्हे. त्यात चरबी तुलनेने कमी असल्याने तो ओव्हनमध्ये लवकर कोरडा पडतो. अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे २०० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटेच भाजावेत. आतील मांस पांढरे होऊन सहज सुटू लागले की बाहेर काढावेत. सॉससाठी मशरूम लोण्यात परतून त्यांचे पाणी आटवावे, नाशिकची पांढरी वाइन घालून ती निम्मी होऊ द्यावी आणि शेवटी मंद आचेवर क्रीम मिसळावे. उकळूनही वाइनमधील सर्व मद्यांश उडत नाही. मद्य वर्ज्य असलेल्या पाहुण्यांना तसे आधीच सांगावे.