कातडीचा रंग आणि कागदाची मालकी

अनेक मराठी वाचकांना कॉमिक्समधला पहिला कृष्णवर्णीय बलदंड गडी भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समध्ये. जादूगार मॅन्ड्रेकचा साथीदार लोथार. ली फॉक यांनी १९३४ साली त्याला घडवलं तेव्हा तो होता आफ्रिकेतला राजपुत्र. पण अंगात बिबट्याचं कातडं, डोक्यावर तुर्की टोपी, तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी आणि काम मॅन्ड्रेकच्या शत्रूंना उचलून आपटण्याचं. साठच्या दशकाच्या मध्यावर फ्रेड फ्रेडरिक्स हे नवे चित्रकार आले, तेव्हा कुठे लोथारला धड कपडे मिळाले आणि धड वाक्यंही. एवढ्यासाठी तीस वर्षं लागली. लिहिणारे आणि काढणारे हात मात्र गोरेच राहिले.

अमेरिकी कॉमिक्स आणि ॲनिमेशनमधल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास एरवी मानकऱ्यांच्या यादीसारखा सांगितला जातो: पहिला सुपरहिरो, पहिली नायिका, पहिला दिग्दर्शक. यादी खोटी नाही. पण गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा उलगडा नायकाच्या रंगापेक्षा दुसऱ्याच प्रश्नांनी जास्त होतो. कागद कुणाच्या हातात होता? गठ्ठे दुकानापर्यंत कोण पोचवत होतं? आणि पात्राचे हक्क कुणाच्या नावावर होते?

जिथे छापखाना आपला होता, तिथे चित्र फार लवकर बदललं. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे कृष्णवर्णीयांनी चालवलेलं साप्ताहिक. १९३७ मध्ये त्यात जॅकी ऑर्म्स यांची ‘टॉर्ची ब्राउन’ ही चित्रमालिका सुरू झाली. मिसिसिपीतून निघून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात नाव काढणारी टॉर्ची देखणी होती, हिकमती होती आणि कुणाच्या घरची मोलकरीण नव्हती. पुढे १९४५ पासून ऑर्म्स यांनी पॅटी-जो ही चिमुरडी काढली. वंशभेदापासून शीतयुद्धापर्यंत कशावरही ती मोठ्यांना निरुत्तर करणारं बोलायची. एफबीआयने ऑर्म्स यांच्यावर फाइल उघडली, त्यावरून त्या व्यंगचित्रांचा डंख किती होता ते कळतं.

वर्तमानपत्राच्या पानाबाहेर, कॉमिक्सच्या खुल्या बाजारात, तीच गोष्ट करून पाहिली ऑरिन इव्हान्स यांनी. इव्हान्स फिलाडेल्फियातले पत्रकार. गोऱ्या मालकीच्या मोठ्या दैनिकात नोकरी मिळवलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय वार्ताहरांपैकी एक. त्यांचं ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ संपानंतर १९४७ मध्ये बंद पडलं, तेव्हा काही सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लेखक, चित्रकार, नायक सगळे कृष्णवर्णीय. किंमत १५ सेंट, बाजारात चालणाऱ्या १० सेंटच्या अंकांहून जास्त. त्यात एस हार्लेम हा गुप्तहेर होता. आणि होता लायन मॅन: अमेरिकेत शिकलेला शास्त्रज्ञ, ज्याला संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर पाठवलंय, तिथल्या डोंगरातलं युरेनियम चोरांच्या हाती पडू नये म्हणून. खनिजाची राखण करणारा आफ्रिकेतला नायक म्हटलं की आज सगळ्यांना ‘ब्लॅक पँथर’मधलं वाकांडा आठवतं. वाकांडाचा जन्म व्हायला तेव्हा एकोणीस वर्षं होती.

दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती. पण कागद विकणाऱ्याने इव्हान्स यांना कागद द्यायचं नाकारलं. दुसरा पुरवठादार मिळाला नाही आणि मासिक एका अंकात संपलं. लायन मॅनला वाचकांनी नाकारलं नव्हतं. वाचकांपर्यंत जायची वाटच बंद झाली होती.

पन्नासच्या दशकात ही वाट आणखी अरुंद झाली. १९५४ नंतर ‘कॉमिक्स कोड’ या धंद्याच्या नियमावलीची मोहोर नसलेला अंक वितरक सहसा उचलत नसत. ईसी कॉमिक्सने १९५३ मध्ये ‘जजमेंट डे’ नावाची गोष्ट छापली होती. नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांच्या जगात एक अंतराळवीर तपासणीला येतो, तिथला भेदभाव पाहतो आणि निघून जातो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. ही गोष्ट १९५६ मध्ये पुन्हा छापायची ठरली तेव्हा कोडचे प्रमुख, न्यायाधीश चार्ल्स मर्फी, अंतराळवीराचा रंग बदला म्हणून अडून बसले. प्रकाशक बिल गेन्स बधले नाहीत, गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. पण ईसीचा तो शेवटचा कॉमिक्स अंक ठरला. १९६५ मध्ये डेल कंपनीने कृष्णवर्णीय नायकाचा ‘लोबो’ हा वेस्टर्न काढला. तो दोन अंकांत आटोपला. विक्रेत्यांनी गठ्ठे न सोडताच परत पाठवले, असं त्याचे चित्रकार टोनी टॅलरिको सांगत.

जुलै १९६६ मध्ये मार्व्हल कंपनीच्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी टी’चालाला आणलं: कधीही गुलाम न झालेल्या, विज्ञानात जगाच्या पुढे गेलेल्या वाकांडाचा राजा, ब्लॅक पँथर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची जहाल संघटना उभी राहिली. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, नाव तेवढं जुळलं. पार्टीचा दरारा वाढला तशी मार्व्हलची पंचाईत झाली. १९७२ च्या आरंभी एका अंकात टी’चाला सांगतो की तूर्त मला ब्लॅक लेपर्ड म्हणा. हा बुजरेपणा फार टिकला नाही. पण नेमक्या त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ओकलंडच्या संघटनेपासून स्फूर्ती घेऊन दलित पँथर स्थापन केली. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला जे नाव अडचणीचं झालं, ते मुंबईतल्या तरुण कवींनी हक्काने उचललं.

सत्तरच्या दशकात नायकांची रांग लागली. ‘फाल्कन’ १९६९ मध्येच आला होता. १९७२ मध्ये ल्यूक केज, १९७५ मध्ये स्टॉर्म, १९७७ मध्ये ब्लॅक लायटनिंग. त्यांना जन्म देणारे बहुतेक सगळे गोरे. अपवाद मोजके: ल्यूक केजच्या पहिल्या अंकाला शाई चढवणारे आणि पुढे डॉन मॅकग्रेगर यांच्या लेखणीसोबत वाकांडा उभं करणारे बिली ग्रॅहम, किंवा विशीच्या आत ब्लॅक लायटनिंग काढणारे ट्रेव्हर वॉन ईडन. पानामागे ठरलेला दर घ्यायचा आणि पात्र कंपनीच्या हवाली करायचं, ही धंद्याची रीत. ती गोऱ्यांनाही लागू होती, कर्बींसारखा दिग्गजही तिच्यातून सुटला नाही. पण ज्यांना मुळातच दारात उशिरा घेतलं, त्यांच्या हाती त्यामुळे आणखीच कमी उरलं.

ही रीत मोडायचा सगळ्यांत विचारपूर्वक प्रयत्न केला ड्वेन मॅकडफी यांनी. मार्व्हलमध्ये असताना, १९८९ मध्ये, त्यांनी वरिष्ठांना एक गंभीर चेहऱ्याचा प्रस्ताव पाठवला: स्केटबोर्डवरून हिंडणाऱ्या कृष्णवर्णीय निन्जा पोरांची मालिका काढूया. तो निव्वळ टोमणा होता. कंपनीचे कृष्णवर्णीय नायक एकामागोमाग एक स्केटबोर्डवरच का चढतात, हे त्यांना विचारायचं होतं. चार वर्षांनी त्यांनी डेनिस कॉवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांच्यासह माइलस्टोन ही प्रकाशन कंपनी सुरू केली. करार हुशारीचा होता. छपाई-वितरण डीसी या मोठ्या प्रकाशकाचं, पात्रांचे हक्क आणि संपादनाचा शब्द माइलस्टोनचा. इव्हान्स यांचं मासिक जिथे अडलं, तो खड्डा या कराराने बरोबर ओलांडला.

आणि हक्क हातात असले की गोष्टी कशा मोकळ्या होतात, तेही दिसलं. माइलस्टोनच्या ‘आयकॉन’मधला परग्रहवासी १८३९ मध्ये दक्षिणेतल्या कापसाच्या शेतात पडतो, गुलाम बाई त्याला उचलते, म्हणून तो तिच्यासारखा दिसू लागतो. आजच्या काळात तो सुखवस्तू, पुराणमतवादी वकील आहे. गरीब वस्तीतली रकेल ही पोर त्याला खडसावते की एवढी ताकद असून तू बसून काय राहिलास? दोघं शत्रूशी कमी आणि एकमेकांशी जास्त झगडतात. सगळ्या समाजाचा भार एकट्या नायकावर नसला की कृष्णवर्णीय पात्रांना आपसात मतभेदही परवडतात. ‘स्टॅटिक’चा शाळकरी नायक व्हर्जिल हॉकिन्स; फ्लोरिडात कायद्याच्या शिक्षणासाठी विद्यापीठाशी वर्षानुवर्षं कोर्टात लढलेल्या एका खऱ्या माणसाचं ते नाव.

नव्वदच्या दशकात अमेरिकी कॉमिक्सचा बाजारच कोसळला आणि १९९७ मध्ये माइलस्टोनचे अंक थांबले. पण स्टॅटिकचे हक्क शाबूत होते. २००० साली ‘स्टॅटिक शॉक’ ही ॲनिमेशन मालिका टीव्हीवर आली, ५२ भाग चालली, आणि शनिवारी सकाळी टीव्हीपुढे बसणाऱ्या मुलांना बंदुकीपासून वंशद्वेषापर्यंत सगळं सांगून गेली. मॅकडफी पुढे ॲनिमेशनमध्येच रमले. आपल्याकडे घरोघरी मुलांनी हिंदीत पाहिलेल्या ‘बेन टेन’च्या ‘एलियन फोर्स’ पर्वामागेही तेच होते. २०११ मध्ये, ४९ व्या वर्षी ते गेले.

ॲनिमेशनची वाट वेगळी नव्हती. डिस्नेत १९५६ मध्ये रुजू झालेले फ्लॉइड नॉर्मन हे तिथले पहिले कृष्णवर्णीय ॲनिमेटर मानले जातात. ‘द जंगल बुक’वर त्यांनी कथाविभागात काम केलं. वॉल्ट डिस्ने गेल्यावर ते बाहेर पडले आणि लिओ सलिव्हन यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. शाळांसाठी कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर फिल्म बनवायला. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, वॉर्नरची अकरा जुनी कार्टून्स त्यातल्या किळसवाण्या वंशचित्रणामुळे प्रक्षेपणातून काढून टाकण्यात आली. पडद्यावरचं जुनं चित्र असं पुसलं गेलं. नवं काढण्यासाठी कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या हाती मोठं बजेट पडायला मात्र पीटर रॅम्सी यांची वाट पाहावी लागली. २०१८ च्या ‘स्पायडर-व्हर्स’चे ते तिघांपैकी एक दिग्दर्शक, पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक.

त्याच वर्षी रायन कूगलर यांच्या ‘ब्लॅक पँथर’ने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. वेशभूषेचं ऑस्कर रूथ कार्टर यांना, कलादिग्दर्शनाचं हॅना बीचलर यांना; दोन्ही विभागांत कृष्णवर्णीय बाईला ते पहिल्यांदाच मिळालं. लोक भारावून थिएटरबाहेर पडले, कारण वाकांडा ही मुळात मालकीचीच कल्पना आहे: आपली जमीन, आपलं खनिज, आपलं ज्ञान, आणि बाहेरच्याला विचारल्याशिवाय प्रवेश नाही. वाकांडाचे हक्क मात्र डिस्नेकडे आहेत. मार्व्हल कंपनी तिने २००९ मध्येच विकत घेतली.

कुगाली ही आफ्रिकी तरुणांची छोटी कंपनी. आफ्रिकेत आम्ही डिस्नेला धूळ चारू, असं तिच्या संस्थापकाने २०१९ मध्ये मुलाखतीत सुनावलं होतं. डिस्नेनेच फोन केला आणि नायजेरियातल्या लागोसमध्ये घडणारी ‘इवाजू’ ही मालिका २०२४ मध्ये डिस्नेच्याच वाहिनीवर आली. याला शरणागती म्हणणं अन्यायाचं होईल; लागोसची गोष्ट लागोसच्या माणसांनी सांगितली, हे लोथारच्या काळात कल्पनेतही नव्हतं. चित्रपट संपल्यावर सरकणारी नावं साठ वर्षांत खरोखर बदलली आहेत. सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरात येणारी हक्कांची ओळ अजून फारशी बदललेली नाही, आणि पुढचा मागोवा कुणी लिहिला तर त्याने सुरुवात तिथूनच करायला हवी.