वटवट्याचा आवाज कसा घडतो

ब्लिथचा वटवट्या हा चिमणीपेक्षा लहान, मातकट तपकिरी रंगाचा स्थलांतरित पक्षी. फिनलंड आणि बाल्टिक देशांपासून सायबेरिया, मध्य आशियापर्यंत त्याची वीण होते. हिवाळा मात्र तो मुख्यतः भारतीय उपखंडात काढतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरून वाहणाऱ्या भीमेच्या काठी, घोडनदीच्या खोऱ्यात, उसाच्या बांधावरच्या बाभळीत आणि घाणेरीच्या जाळीत सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याचा मुक्काम असतो. तो सहसा दृष्टीस पडत नाही. झुडपाच्या पोटातून येणाऱ्या ‘चक्... चक्’ अशा कोरड्या आवाजावरूनच त्याची ओळख पटते.

पक्ष्याच्या आवाजाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. साद छोटी असते. ती नर-मादी दोघेही वर्षभर देतात. धोका कळवणे, जोडीदाराला हाक मारणे, आपली जागा राखणे ही तिची कामे. गाणे लांब आणि गुंतागुंतीचे असते. ते मुख्यतः विणीच्या काळात नर गातो. दोन्ही आवाज श्वासनलिका दुभंगते तिथल्या स्वरयंत्रातून निघतात. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंवर गाणाऱ्या पक्ष्यांचा स्वतंत्र ताबा असतो.

साद बव्हंशी उपजत असते. अंड्यातून निघालेल्या पिलाला आधी फक्त चारा मागण्याचा क्षीण आवाज काढता येतो. श्वासावर आणि स्वरयंत्राच्या स्नायूंवर ताबा येतो तसा तो आवाज भरत जातो आणि मोठ्या पक्ष्याची साद उमटू लागते. उपजत आवाजाचे उत्तम उदाहरण याच परिसरात पावसाळ्यात भेटते. चातक आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. पिलू सातभाईंच्या कलकलाटात वाढते, तरी मोठेपणी चातकासारखेच ‘पियू-पियू’ ओरडते. चातक कोकिळेच्या कुळातला. त्याला आवाज शिकावा लागत नाही.

वटवट्याच्या गटातल्या गाणाऱ्या पक्ष्यांना मात्र गाणे शिकावे लागते. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिले एकटी वाढवली, तेव्हा त्यांचे गाणे ओबडधोबड राहिले. हे शिकणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पिलू केवळ ऐकते आणि ध्यानात ठेवते. दुसऱ्या टप्प्यात ते स्वतः गाऊन पाहते आणि आपला आवाज त्या आठवणीशी ताडून घेते. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५मध्ये दाखवून दिले, की गाण्याचा सराव सुरू होण्यापूर्वी पक्ष्याची श्रवणशक्ती गेली, तर ऐकलेले गाणेही त्याला नीट गाता येत नाही. म्हणजे गुरूचे गाणे कानी पडणे पुरेसे नाही, स्वतःचे गाणेही ऐकू यावे लागते.

या दोन टप्प्यांच्या मध्ये वटवट्याचा प्रवास येतो. उन्हाळ्यात उत्तरेला जन्मलेले पिलू काही आठवड्यांतच निघते. आईबापांच्या सोबतीशिवाय, रात्री उडत, उपजत दिशाज्ञानाच्या बळावर ते दख्खनपर्यंत पोहोचते. येथे हिवाळाभर त्याची ‘चक्’ ही सादच ऐकू येते. डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा असलेला दिवस एप्रिलअखेर साडेबारा तासांच्या पुढे जातो. दिवस मोठा होतो तसे नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते आणि गाणे जागे होते.

मार्च-एप्रिलच्या सकाळी नदीकाठच्या बाभळीत या गाण्याचा रियाज ऐकता येतो. पक्षी आतल्या फांदीवर बसलेला असतो. चोच जवळजवळ मिटलेली, गळा मात्र सतत थरथरत असतो. आवाज इतका हलका, की काही पावलांवर तो विरून जातो. एक तुकडा दोन-तीनदा घोळवला जातो, मध्येच सुटतो, दुसरा सुरू होतो; त्यात ‘चक्’ मिसळते. पुढे तुकडे ठळक होतात, त्यांचा क्रम ठरतो आणि विणीच्या प्रदेशात नर भरगच्च, इतर पक्ष्यांच्या नकलांनी सजलेले गाणे गातो.

हिवाळी मुक्कामातल्या आवाजांचा गाण्यावर किती खोल ठसा उमटतो, हे याच कुळातल्या मार्श वॉर्बलरने दाखवले आहे. फ्रांस्वाझ डाउसेट-लमेर यांनी १९७९मध्ये नोंदवले, की त्याचा एक नर सरासरी ७६ जातींच्या नकला करतो आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती आफ्रिकेतल्या, म्हणजे त्याच्या हिवाळी मुक्कामातल्या, असतात. या नकला तो आयुष्याच्या पहिल्या वर्षात शिकतो.

म्हणून शिरूर-दौंडमधल्या बांधावरच्या बाभळी आणि काठावरच्या जाळ्या या पक्ष्याला नुसता आसरा आणि किडे पुरवत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात आलेल्या नराला जोडीदार मिळवून देणाऱ्या गाण्याची तयारी येथेच सुरू होते. बांध साफ करताना ही झुडपे सरसकट तोडली किंवा पेटवली, तर तिथला रियाजही थांबतो. उसाच्या शिवारात त्यांच्यासाठी बांधाची एक पट्टी राखून ठेवणे आवश्यक आहे.