शिंपल्याची शिदोरी आणि गटारात उतरणारा माणूस

लालबाग-परळच्या बाजारातून आपल्या घरी येणाऱ्या तिसऱ्या स्वतःला वाळूत-चिखलात पुरून जगतात. ओहोटीला त्या शिंपा घट्ट मिटून घेतात, तेव्हा बाहेरचा प्राणवायू बंद होतो. तरी त्या तग धरतात. अशाच काही शिंपल्यांच्या मज्जातंतूंत शास्त्रज्ञांना प्राणवायूची शिदोरी सापडली आहे. सफाईच्या कामात राबणाऱ्या आमच्या कुटुंबांनी ही माहिती जरूर वाचावी.

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिनमुळे. लोह असलेले हे प्रथिन प्राणवायू धरते आणि शरीरभर पोहोचवते. पाठीचा कणा नसलेल्या काही प्राण्यांत ते थेट मज्जासंस्थेत असते. १८७२ साली रे लँकेस्टर या इंग्रज शास्त्रज्ञाने 'समुद्री उंदीर' नावाच्या केसाळ सागरी किड्याच्या मज्जातंतूंत ते पाहिले. १९८६ साली क्राउस आणि कोलासिनो यांनी टेलिना या अमेरिकन शिंपल्यावर प्रयोग केला. प्राणवायू तोडल्यावरही तिचे मज्जातंतू काही काळ काम करीत राहिले, कारण हिमोग्लोबिनने धरलेला प्राणवायू त्यांना मिळत होता.

२००० साली माणसाच्या मेंदूतही याच कुळातले न्यूरोग्लोबिन सापडले. शिंपल्याचे आणि माणसाचे प्रथिन एकाच कुळातले! रक्ताच्या शुद्धतेचा टेंभा मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र आपल्या मेंदूत ते इतके अल्प आहे की त्याची शिदोरी होत नाही. प्राणवायू थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

म्हणून "दम धरून उतर, दोन मिनिटांचे काम आहे" असे सांगणाऱ्या मुकादमाचे ऐकू नका. मोकळ्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. बंद गटारात तो फार कमी होऊ शकतो. शिवाय तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो जास्त असला की नाक बधिर होते आणि वासही येत नाही. दारू पिऊन उतरल्याने वायू बाधत नाही, ही समजूत खोटी आहे.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईने घरचा माणूस परत येत नाही. सोबती आत बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. आणि उतरायला सांगितले तर ठामपणे नाही म्हणा. तो आपला हक्क आहे.

जय भीम!