जुना ॲम्प्लिफायर घरीच दुरुस्त करायचाय? आधी ऑसिलोस्कोप नको, बल्ब घ्या!

अडगळीतला ॲम्प्लिफायर पुन्हा वाजवायचा म्हटलं, की अनेकजण थेट ऑसिलोस्कोपच्या किमती बघतात. पण खरेदीचा क्रम वेगळा हवा.

१. सिरीज बोर्ड: ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही) ॲम्प्लिफायरच्या सिरीजमध्ये जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि नवे ट्रान्झिस्टर जळायचे वाचतात.

२. मल्टीमीटर: डीसी व्होल्ट, कंटिन्युइटी आणि डायोड टेस्ट असली की काम भागतं. स्पीकर जोडण्याआधी त्याच्या दोन टर्मिनलमध्ये डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

३. ईएसआर मीटर: वरून ठणठणीत दिसणारा, पण आतून सुकलेला कपॅसिटर यानेच सापडतो.

४. ऑसिलोस्कोप: हा सगळ्यात शेवटी. कानाला जेमतेम २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे २० मेगाहर्ट्झचा सेकंडहँडही पुरतो. टेस्ट टोन मोबाइलवरून देता येतो.

लक्षात ठेवा, सिरीज बल्ब ॲम्प्लिफायरला वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. म्हणून आत हात घालण्याआधी मीटर लावा.