रेड ऑक्साइडने गंज मरत नाही

खानदेशात जुन्या जीपचा पत्रा लाल पडू लागला की उपाय ठरलेला असतो. वायर ब्रशने वरवर घासायचं, रेड ऑक्साइडचा एक हात मारायचा आणि तो वाळला की हवा तो रंग चढवायचा. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठेही गॅरेजबाहेर किंवा घराच्या अंगणात हे काम चाललेलं दिसतं. त्यामागे एक ठाम समजूत असते: रेड ऑक्साइडने गंज मरतो. ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी वाचू शकले असते असे कितीतरी पत्रे भंगारात जातात, म्हणून ती मुळापासून तपासायला हवी.

गंज म्हणजे पाणी धरलेली लोखंडाची ऑक्साइडं. रेड ऑक्साइड प्रायमरला लाल रंग देणारी पूडही लोखंडाचंच ऑक्साइड असते, गेरूत असतं तेच, फक्त त्यात पाणी नसतं. ही पूड स्वस्त आहे, उन्हात टिकते, पत्रा चांगला झाकते आणि वरच्या रंगाला धरायला खरखरीत पाया देते. एवढेच तिचे गुण. गंजाला थोपवणारं रसायन तिच्यात नाही, आणि तयार झालेल्या गंजावर ती कोणतीही क्रिया करत नाही.

मग तिचं एवढं नाव कशामुळे झालं? त्याचं मूळ बहुधा दोन जुन्या प्रायमरांत आहे. पहिला रेड लेड, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आपल्या ओळखीचा शेंदूर. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लोखंडावर खरोखर गंजरोधक काम करतो. पूल आणि जहाजं त्यावर वर्षानुवर्षं टिकली. शिसं विषारी म्हणून तो मागे पडला, लाल छटा मात्र बाजारात राहिली आणि एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर चढला. दुसरा प्रायमर भारतीय मानक आयएस २०७४ मधला, रेड ऑक्साइड आणि झिंक क्रोम यांचा. त्यात गंज रोखण्याचं काम झिंक क्रोमेट करत असे, लाल पूड नव्हे. क्रोमेट कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झाल्यावर त्याच्या जागी झिंक फॉस्फेट येत गेलं. दुकानातल्या स्वस्त डब्यात यांपैकी काही असेलच असं नाही. डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेलं नसेल, तर तो डबा केवळ लाल रंगाचा आहे असं समजावं.

समजा प्रायमर उत्तम प्रतीचा आहे. तरीही तो सुट्या गंजावर मारला तर उपयोग नाही, आणि याचं कारण रंगापेक्षा गंजाच्या स्वभावात आहे. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. तिला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, आणि क्षार मिळाले की तिचा वेग वाढतो. रंग लावला की पाणी आणि हवा बंद, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. केंब्रिजमधले संशोधक जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या सुमारास मोजमापं करून दाखवलं की तसं होत नाही. साध्या रंगाच्या थरातून गंजायला पुरेल इतकं पाणी आणि इतका ऑक्सिजन आरपार जातच असतो. रंग पत्र्याला वाचवतो तो मुख्यतः क्षारांच्या विद्युतभारित कणांची ये-जा अडवून. पण हेच क्षार रंगाच्या आत, पत्र्याच्या खळग्यांत आधीच बसलेले असतील, तर ते बाहेरचं पाणी रंगातून आत ओढून घेतात. रंगाला फोड येतो, फोडाखाली गंज पुन्हा सुरू होतो. गंजाचं आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून जास्त असतं. त्यामुळे तो फुगतो आणि वरचे सगळे थर उचलून फेकतो.

खानदेशात हे क्षार कुठून येतात, हा प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून लांब आहे. पण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात जीपच्या मागच्या भागात पोटॅशच्या गोणी वाहिल्या जातात. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. मिठातला पत्रा खाणारा घटक तोच. गोणीतून सांडलेली मूठभर पूड रबरी मॅटखाली शिरते, पावसाळ्यात विरघळते आणि पत्र्याच्या सांध्यांत मुरते. फवारणीची रसायनं आणि बॅटरीतून उडालेलं ॲसिड यांची भर वेगळी. महिंद्राच्या जुन्या जीप, काळी-पिवळी म्हणून धावलेल्या कमांडर, एमएम ५४०, सगळ्यांचा फ्लोअर बहुधा आधी याच जागी जातो: मॅटखाली, सीटखालच्या पेटीत, बॉडी चासीवर टेकते त्या रबरांपाशी आणि जिथे दोन पत्रे एकावर एक स्पॉट वेल्डिंगने जोडलेत त्या फटीत.

रेड ऑक्साइडवरचा विश्वास टिकतो तो खानदेशातल्या ऋतुचक्रामुळे. काम बहुधा दिवाळीनंतर निघतं. पुढे जूनपर्यंत हवा कोरडी असते, गंज मंद असतो आणि जीप झकास दिसते. ‘बघा, गंज मेला’ असं म्हणायला सहा महिने मिळतात. फोड येतात ते पावसाळ्यात, आणि तेव्हा दोष रंगाला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो. चूक झालेली असते रंगाआधीच्या सफाईत.

पृष्ठभागाच्या सफाईचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८५०१-१, यात हाताच्या आणि विजेच्या अवजारांनी केलेल्या कामाच्या पायऱ्या छायाचित्रांसह दिलेल्या आहेत. घरी गाठता येईल अशी चांगली पायरी म्हणजे ‘एसटी ३’: सुटा गंज आणि सुटा रंग पूर्ण निघालेला, आणि पत्र्याला धातूची चमक दिसणारी. तिथवर पोचायला घाई चालत नाही. सुरुवात धुण्यापासून होते. मॅट, सीट, बॅटरी काढून चासीच्या आतली काळी माती पाण्याच्या जोराने बाहेर काढायची, कारण ही माती ओलावा आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. ग्रीस थिनरने आधीच पुसून घ्यायचं; ते राहिलं तर घासताना सगळीकडे पसरतं. मग जाड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक लाल जागा टोचून पाहायची. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, आणि चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करण्यावाचून मार्ग नाही. असं भोक चासीच्या पट्टीत निघालं तर प्रश्न गाडीच्या ताकदीचा होतो, आणि ते काम अनुभवी वेल्डरनेच करावं.

उरलेल्या जागी ग्राइंडरला कप ब्रश लावून घासतात. इथे एक फसवी गोष्ट घडते. कप ब्रश कठीण गंजाला काढण्याऐवजी घोटून काळा आणि गुळगुळीत करतो, आणि तो धातूसारखाच चमकतो. म्हणून कप ब्रशनंतर ८० नंबरचा पेपर मारून खळग्यांचे तळ पाहावेच लागतात. त्यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात: स्वच्छ पाण्याने पुन्हा धुणं. घासल्यानंतर उघडे पडलेले क्षार पाण्यानेच निघतात, थिनरने निघत नाहीत. दोन-तीन वेळा धुऊन, प्रत्येक वेळी हवा मारून किंवा उन्हात लगेच वाळवून, त्याच दिवशी प्रायमर चढवायचा. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पिवळसर झालेला असतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

प्रायमर हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा इपॉक्सी असावा. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि क्षारांना साध्या एनॅमलपेक्षा कितीतरी चांगला अडवतो. लांबी, म्हणजे खळगे भरायची पुट्टी, भरायची ती या इपॉक्सीवर. नंतर सरफेसर, वॉटर पेपर आणि शेवटी रंग. रेड ऑक्साइडलाही जागा आहे: शेताचं फाटक, खिडकीचे गज, जिथे पत्रा नवा आणि कोरडा आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी हात फिरवला जाणार आहे.

आता उरलेले गैरसमज. त्यांना एवढी जागा लागत नाही.

गंज कन्व्हर्टरने गंजाचं पुन्हा लोखंड होतं, असं काही जण सांगतात. कन्व्हर्टरमधलं फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिन गंजाला स्थिर संयुगात बदलतं, गेलेला पत्रा परत आणत नाही. हिरड्याच्या टॅनिनने लोखंड काळं पडतं, तीच ही क्रिया. घासून उरलेल्या पातळ, घट्ट गंजावर तो उपयोगी आहे. पापुद्र्यांवर ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

संडास धुण्याच्या ॲसिडने गंज लगेच निघतो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्यातलं क्लोराइड सांध्यांत शिरून राहतं. ज्या शत्रूला बाहेर काढायचं, तोच बाटलीतून आत ओतला जातो. जीपवर ते कधीही वापरू नये.

लांबीने भोक बुजतं, हाही भ्रमच. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती मागच्या बाजूने ओलावा शोषते आणि भोकाच्या कडा आणखी खाल्ल्या जातात.

चासीला जळकं ऑइल फासण्याची पद्धत गावोगाव आहे. त्याने थोडे दिवस पाणी अडतं, पण धूळ चिकटते, रबरी बुश फुगतात आणि पुढे तिथे कोणताही रंग धरत नाही. हे ऑइल त्वचेला घातक आहे आणि कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. खालून जाड डांबरी थर देणं चांगल्या, साफ पत्र्यावर ठीक. गंजावर दिला तर थराला तडा जाताच ओलावा आत अडकतो आणि गंज दिसायचाही बंद होतो. चासीच्या पोकळीत मेणाचा फवारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणं, हा उपाय जास्त चांगला.

खानदेशची हवा कोरडी, इथे गंज लागत नाही, हे वाक्य मे महिन्यात खरं वाटतं. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. जळगावचा पावसाळा ही मर्यादा रोज ओलांडतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे बागायती भागात पत्र्यावर पडणारं दवही पुरेसं असतं.

कडक उन्हात रंग लवकर वाळतो म्हणून तो उन्हात मारावा, हेही चूक. तापलेल्या पत्र्यावर थिनर पसरण्याआधीच उडतो, रंग खरखरीत बसतो किंवा बुडबुडे धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव पूर्ण सुकल्यानंतरची सकाळ आणि सावली, ही वेळ योग्य. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर हवं, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे.

तोंडाला रुमाल बांधला की पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारता येतो, हा सर्वांत धोकादायक गैरसमज. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. ज्याच्याकडे बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नाही, त्याने घरी एनॅमल वापरावा आणि पीयूचं काम स्प्रे बूथवर द्यावं. जुना रंग कोरडा घासणंही टाळावं. घरगुती रंगांतल्या शिशावरसुद्धा ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१६ च्या नियमांनी आली, त्यामुळे जुन्या पिवळ्या-लाल रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. ओला पेपर वापरावा, मुलांना दूर ठेवावं, धूळ झाडू नये, पुसून घ्यावी.

गाडी आपली, रंग आपल्या मर्जीचा, असं समजून जीप लष्करी हिरव्या रंगात रंगवण्याची हौस बरीच दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. दुसरा रंग दिला तर तो आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो, गाडी एमएच १८ असो वा एमएच १९. आणि चासीवर ठोकलेला नंबर ग्राइंडरने घासू नये, लांबीने भरू नये. पुनर्नोंदणीच्या वेळी तो वाचता आला नाही तर नव्या रंगाची जीपही आरटीओच्या दारात अडून राहते. त्या जागेवरचा गंज हाताने, बारीक पेपरने काढावा, वर पातळ पारदर्शक थर द्यावा आणि काम सुरू करण्याआधी नंबरचा फोटो काढून ठेवावा.