मांजर ‘आलं’, शेरू ‘आली’

हडपसरमधल्या मोठ्या सोसायट्यांत संध्याकाळी खाली उतरलं, की एकाच मांजराबद्दल दोन तऱ्हेचं बोलणं कानावर पडतं. मराठी शेजारी म्हणतात, ‘ते बघा, आलं.’ हिंदी बोलणारे म्हणतात, ‘देखो, आ गई.’ मांजराला तपासलेलं कोणीच नसतं. मराठीत ‘मांजर’ नपुंसकलिंगी, हिंदीत ‘बिल्ली’ स्त्रीलिंगी, एवढंच. बंगाली कुटुंबाला तर हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या भाषेत तो-ती हा भेदच नाही.

मराठीत मात्र ‘गेला, गेली, गेलं’ यांतलं एक निवडावंच लागतं. घरी आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस ‘ते’ असतं, तान्ह्या बाळासारखं. नाव ठेवलं की ‘तो’ किंवा ‘ती’. रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा बहुधा ‘तो’च ठरतो, खार आणि चिमणी कायम ‘ती’. लाडात आलं की पुन्हा ‘शहाणं आहे हो ते!’

इथवर गंमत आहे. पण मांजराच्या पिल्लाचं लिंग ओळखताना भलेभले चुकतात. शेपटी उचलून पाहिल्यास गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर नरात जास्त, मादीत कमी दिसतं. ‘बोका’ समजून मोकळी सोडलेली मादी ४-५ महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि पुढे साधारण ९ आठवड्यांत विते. नसबंदी न केलेल्या कुत्री-मांजरींच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, त्याहून गंभीर. माजानंतर काही आठवड्यांनी पाणी जास्त पिणं, खाणं सोडणं, कधी स्राव, अशी लक्षणं दिसतात. उशीर जिवावर बेततो, आणि ‘तो’ म्हणून वाढवलेल्या प्राण्यात ही शंका लवकर येत नाही.

रंगावरून थोडा अंदाज बांधता येतो. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते नेमकं शोधलं. काळा आणि नारिंगी दोन्ही रंग दिसायला सहसा दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी. सगळंच नारिंगी असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही.

पहिल्या लसीच्या वेळीच डॉक्टरांना विचारून लसीकरणाच्या कार्डावर नर की मादी ते लिहून घ्यावं. नाव बदलायची गरज नाही. ‘शेरू आली’ असं म्हणायला घर दोन दिवसांत सरावतं.